फडेप्पांचे पाय आणि पोरांचे बूट

ऑलिंपिकचा विषय निघाला की आपली मराठी माणसाची गोष्ट सुरू होते ती खाशाबा जाधवांपासून, म्हणजे १९५२ च्या हेलसिंकीपासून. त्याच्या बत्तीस वर्षं आधी बेळगावचा एक अठरा वर्षांचा मुलगा बेल्जियममध्ये अँटवर्पला जाऊन ऑलिंपिक मॅरेथॉन पुरी करून आला होता, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्यांचं नाव. लोकांनी त्यांना 'पवनंजय' म्हटलं. वाऱ्याला जिंकणारा!

मला ते वारंवार आठवतात, त्याला कारण आहे. आमच्या वारूळवाडीत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मीना नदीच्या बाजूला धावतात आणि मी घड्याळ हातात धरून उभा राहतो. सोळाशे मीटरमधले चार-सहा सेकंद कमी करायचे असले की दर वेळी तोच प्रश्न येतो. वेगाच्या सरावाला बूट कोणता घ्यावा? टोमॅटोचा भाव पडलेला असताना बापाने उसनवारी करून महागडा बूट आणून दिल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून बुटाचं बोलण्याआधी मी त्यांना फडेप्पांची गोष्ट सांगतो.

फडेप्पांचा जन्म १९०२ चा. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने घेतलेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत ते पहिले आले. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. त्या मैदानावर धावायला येणारे बहुतेक जण शेतकरी, तेही अनवाणी. ना शास्त्रशुद्ध सराव, ना नियमांची ओळख. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांपासून फार दूर नव्हत्या. केंब्रिजमध्ये शिकलेल्या, खेळांची जाण असलेल्या दोराबजींना हे जाणवलं आणि त्यांनी ही माणसं ऑलिंपिकला पाठवण्याचं मनावर घेतलं. पैसे जमवले, स्वतःच्या खिशातले घातले. भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन व्हायची होती १९२७ साली; म्हणजे संघ आधी गेला आणि संघटना मागून आली. आपल्याकडची ही रीत जुनीच दिसते! संघात फडेप्पांबरोबर सदाशिव दातार हे दुसरे मॅरेथॉन धावपटू होते, आणि नवले व शिंदे हे दोन मल्ल.

२२ ऑगस्ट १९२०. हवा पावसाळी. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्तच. एवढी लांब ऑलिंपिक मॅरेथॉन दुसरी झाली नाही. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. दातारांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. फडेप्पा २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले.

भागाकार करून पाहा. हा वेग जवळपास किलोमीटरला चार मिनिटं पडतो. आमच्या पोरांच्या भाषेत सांगायचं तर सहा मिनिटं चोवीस सेकंदांचा सोळाशे मीटर, न थांबता, सव्वीसहून अधिक वेळा. हे ऐकलं की पोरं आपसूक स्वतःच्या पायांकडे बघतात. बुटाचं बोलायला तीच वेळ बरी.

१९५२ साली फडेप्पा गेले. पुढे १९६० मध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकली तेव्हा जग थक्क झालं. डेक्कन जिमखान्याच्या मैदानाला त्यात नवल वाटलं नसतं! पण त्या गोष्टीचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. बिकिला अनवाणी धावला कारण मिळालेले बूट पायाला नीट बसत नव्हते. चार वर्षांनी टोकियोत तोच माणूस बूट घालून धावला आणि रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर पोचला. तेव्हा अनवाणी धावण्यात काही दैवी आहे असं मी मानत नाही. बूट सोसून अचानक अनवाणी धावायला लागलेल्या पोरांच्या पोटऱ्या आणि टाचेमागच्या शिरा कशा धरतात, हेही मी पाहतो.

वेगाच्या सरावाला मी हलका बूट सांगतो. पायातल्या दर शंभर ग्रॅम वजनामागे शरीराला साधारण एक टक्का जादा प्राणवायू खर्चावा लागतो, असं अभ्यासकांनी मोजलं आहे. रोजच्या संथ धावण्याला जाड तळाचा मऊ बूट चांगला. पण दोनशे-चारशे मीटरचे तुकडे जोरात मारताना तळ थोडा पातळ आणि घट्ट असावा, म्हणजे पाय जमिनीला ढकलतो ते वाया जात नाही. वळणावर जाड बूट डुगडुगतो. शर्यतीच्या कार्बन पट्टीवाल्या बुटांनाही रस्त्यावर चाळीस मिलिमीटर तळाची मर्यादा आहे, ती उगीच नाही. खिळ्यांचा बूट मैदानाच्या ट्रॅकवर. आमच्या मुरमाड वाटेवर किंवा डांबरावर तो कामाचा नाही.

आणि घ्यायला जावं संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, धावताना घालतो तेच मोजे घालून. पुढे अंगठाभर जागा, टाच मात्र निसटता कामा नये. दुकानाबाहेर चार पावलं पळून पाहावं. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्यावं. नवा बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही. आमच्यातल्या एका मुलीने यंदा पेटीवरच्या नावाकडे न बघता तिसऱ्या दुकानात पायाला बसणारा साधा, हलका जोड शोधला. गेल्या महिन्यापासून ती आठशे मीटरचा सराव त्यावरच करते आहे.