शिक्षक घडविणारे 'दर्पण'कार

रत्नागिरी : ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. १८३२ साली याच तारखेला 'दर्पण'चा पहिला अंक काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकर यांचे त्या दिवशी सर्वत्र स्मरण होते. मात्र आयुष्याच्या अखेरीस त्यांनी अंगावर घेतलेले एक काम त्या मानाने उपेक्षितच राहिले. शिक्षक घडविणे आणि शाळेत जाऊन शिक्षणाची पारख करणे, हे ते काम.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा, पोंभुर्ले गावचा. रत्नागिरी जिल्ह्यात असलेले हे गाव १९८१ मधील विभाजनानंतर सिंधुदुर्गात गेले. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक होते. मराठी-संस्कृतचे प्राथमिक धडे घरी गिरवून बाळशास्त्री मुंबईस आले. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्या देखरेखीखाली त्यांनी इंग्रजी व गणितात प्रावीण्य मिळविले आणि पुढे सोसायटीच्या चिटणीसपदापर्यंत मजल मारली. १८३४ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक झाले. या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. पुढे त्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक झालेले दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी.

त्या काळी इलाख्यात नव्या शाळा निघत होत्या, पण त्या चालवायच्या कोणी, हा प्रश्न होता. गावोगावच्या पंतोजींची भिस्त मोडी अक्षर, पाढे आणि छडी यांवर असे. भूगोल, नवे गणित, छापील पुस्तक यांच्याशी त्यांचा परिचय नव्हता. १८२६ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या हाताखाली तयार झालेले २४ शिक्षक जिल्ह्यांच्या शाळांवर धाडण्यात आले. परंतु गरजेच्या मानाने ही संख्या तोकडीच होती.

१८४५ साली एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापनवर्ग, म्हणजे नॉर्मल क्लास सुरू झाला आणि त्याचे संचालकपद बाळशास्त्रींकडे आले. जिल्ह्यांतील होतकरू तरुणांना देशी भाषांच्या शाळांसाठी तयार करणे हा त्यामागील हेतू होता. याच सुमारास शाळा तपासनिसाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. त्यामुळे वर्गात शिक्षक घडविणे आणि शाळेत जाऊन अध्यापनाचे फळ तपासणे, ही दोन्ही टोके एकाच हाती आली. शिक्षकाला किती येते यापेक्षा मुलांना किती समजले, याचा पडताळा शाळेतच मिळतो. व्याकरण, भूगोल, गणित यांवरील क्रमिक पुस्तके स्वतः लिहिलेल्या तपासनिसाला ती वर्गात कितपत उतरतात, हेही तेथेच दिसणार होते.

हे कार्य मूळ धरीत असतानाच मे १८४६ मध्ये बाळशास्त्रींचे मुंबईत निधन झाले. वय अवघे ३४ वर्षांचे. त्यानंतर आठ वर्षांनी, १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षण हे सरकारी धोरणाचे अंग ठरविले.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता घातली. छात्राध्यापकाने शाळेत राहावे, पाठ घ्यावेत आणि अनुभवी शिक्षकांनी ते पाहावेत, अशी ही रीत आहे. प्रशिक्षण आणि पारख यांची सांगड घातल्याखेरीज शिक्षक घडत नाही, हे त्यामागील सूत्र. कोकणच्या या सुपुत्राच्या हाती ती सांगड जेमतेम वर्षभर राहिली. ती पुढे नेण्यास त्याला आयुष्य मात्र पुरले नाही.