आचार्यसम्राट आनंदऋषीजी : ऐक्यासाठी पद सोडणारे संघनायक

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी या लहानशा गावी २७ जुलै १९०० रोजी देवीचंदजी व हुलसाबाई गुगळे यांच्या पोटी नेमिचंद यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, १९१३ साली, याच जिल्ह्यातील मिरी येथे गुरुवर्य रत्नऋषीजी महाराजांकडून त्यांनी भागवती दीक्षा घेतली आणि नेमिचंदचे आनंदऋषी झाले.

त्या काळी स्थानकवासी समाज अनेक संप्रदायांत विभागलेला होता. प्रत्येकाचे आचार्य निराळे, शिष्यपरंपरा निराळी. ऐक्याचा नुसता उपदेश करून हे अंतर मिटणार नाही, त्यासाठी सर्वांना मान्य होईल असे काही काम उभे राहिले पाहिजे, हे महाराजांनी ओळखले. १९३६ साली त्यांच्या प्रेरणेने पाथर्डीस श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले. पायरीपायरीने चढत जाणारा एकच अभ्यासक्रम, एकच प्रश्नपत्रिका आणि एकच प्रमाणपत्र! साधू-साध्वी व श्रावक-श्राविका एकाच पाठाला बसू लागले. कित्येक साध्वीजींनी याच मार्गाने ‘जैन सिद्धांताचार्य’ ही पदवी मिळविली. संप्रदाय कोणताही असो, अभ्यास सामाईक झाला.

दुसरे साधन याहून कठीण होते. ते म्हणजे स्वतःच्या पदाचा त्याग. १९४९ साली ब्यावर येथे पाच संप्रदाय एकत्र आले व महाराज त्यांचे आचार्य झाले. अवघ्या तीन वर्षांनी, १९५२ च्या अक्षय्य तृतीयेस, राजस्थानातील सादडी येथे बृहत् साधुसंमेलन भरले. अखिल भारतीय श्रमण संघ स्थापन व्हायचा, तर जुन्या पदव्या सोडणे भाग होते. महाराजांनी आचार्यपद सोडले, आत्मारामजी महाराजांचे नेतृत्व स्वीकारले आणि प्रधानमंत्री म्हणून संघाच्या व्यवस्थेचा भार उचलला. ज्याने स्वतः आधी सोडले, त्याच्या शब्दाला संघात वजन आले.

आत्मारामजींच्या देवलोकगमनानंतर १९६४ साली अजमेर येथे संघाने आचार्यपदाची चादर त्यांच्याच खांद्यावर घातली. पुढे मतभेद झाले, काही मुनी संघाबाहेरही पडले. तथापि महाराजांनी संवाद तुटू दिला नाही. १९८७ च्या पुणे संमेलनात उपाचार्य व युवाचार्य नेमून त्यांनी आपल्या हयातीतच उत्तराधिकाराचा प्रश्न सोडविला.

२८ मार्च १९९२ रोजी अहमदनगर येथे त्यांचे महानिर्वाण झाले. २००२ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. संस्था चालविणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने त्यांच्या जीवनातून एवढे अवश्य घ्यावे : आपले म्हणणे पटवायचे, तर आधी सर्वांच्या उपयोगाचे काम उभे करावे आणि वेळ आल्यास आपले आसन रिकामे करावे.