सांगलीच्या ‘वानलेसवाडी’ला हे नाव कुणामुळे पडलं?

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. नाव ऐकून वाटतं, कुणी वानलेस पाटील असतील. पण हे वानलेस होते थेट कॅनडाचे.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ चा. डॉक्टरकी शिकले न्यूयॉर्कला आणि १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे बायकोला घेऊन सांगलीत आले. तिथे एक छोटा दवाखाना काढला. पुढे मुक्काम हलवला मिरजेला. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे लांबचा पेशंटही पोहोचू शकायचा. संस्थानाने जागा दिली, अमेरिकेतून देणगी आली आणि १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. जुनी माणसं त्याला आजही मिशन हॉस्पिटलच म्हणतात.

मिशनला धर्मप्रसार करायचा होता, हे लपवण्यासारखं नाही. लोकांनाही ते माहीत होतं. तरी लोक आले, कारण मोतीबिंदूने आंधळा झालेला माणूस ऑपरेशननंतर स्वतःच्या पायाने घरी जात होता. याहून मोठी जाहिरात कुठली?

आज ऑपरेशन म्हटलं की आपल्याला भीती वाटते ती बिलाची. तेव्हा भीती होती जखम चिघळण्याची. ऑपरेशनआधी हात आणि हत्यारं निर्जंतुक करायची, ही कल्पना जगातच जेमतेम पंचवीस-तीस वर्षांची होती. ती मिरजेत रोजची सवय झाली. म्हणूनच मला वानलेस यांचं खरं काम ऑपरेशनांच्या आकड्यात दिसत नाही. ते दिसतं १८९७ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या मेडिकल स्कूलमध्ये. एक डॉक्टर किती पेशंट बघणार? त्यांनी इथल्या पोरांनाच डॉक्टर केलं. मिरजेत आज गल्लोगल्ली दवाखाने दिसतात, त्याची सुरुवात इथली.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांशी त्यांचा चांगला स्नेह होता. कोल्हापुरातलं मेरी वानलेस हॉस्पिटल हे त्यांच्या पत्नीच्या नावाचं.

आता वाडीकडे येऊ. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच शोधला होता, पण जंतू सापडला म्हणून औषध सापडत नसतं. घरात एकाला क्षय झाला की त्याच खोलीतल्या बाकीच्यांनाही लागण व्हायची. उपाय एवढाच, की पेशंटला वस्तीपासून दूर ठेवायचं आणि मोकळी हवा, चांगलं खाणं, विश्रांती द्यायची. त्यासाठी १९२० च्या सुमारास सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर त्यांनी सॅनिटोरियम उभारलं. भोवती वस्ती वाढली आणि तिला डॉक्टरांचं नाव चिकटलं. मोकळ्या हवेने काही जण सावरायचे, बरेच जायचे. हातात औषध नसताना डॉक्टरने रोज त्या वॉर्डात फेरी मारायची, हे काम सोपं नसणार.

१९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ केलं. त्याच वर्षी जवळपास चाळीस वर्षांचा मुक्काम आवरून ते परत गेले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं.

टीबीवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.