हाकेला धावणारे विमान

जॉन फ्लिन डॉक्टर नव्हते आणि वैमानिकही नव्हते. तरीही ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात रुग्णाच्या दारी विमानाने डॉक्टर पोहोचू लागला, तो त्यांच्यामुळे.

1880 मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात जन्मलेले फ्लिन धर्मोपदेशक होते. 1912 मध्ये अंतर्भागातील सेवाकार्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथे सुमारे 20 लाख चौरस किलोमीटर प्रदेशाला अवघे दोन डॉक्टर होते. 1917 मध्ये हॉल्स क्रीक या वस्तीजवळ जिमी डार्सी हा गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. दूरच्या पर्थमधून डॉक्टरांनी तारेने सूचना दिल्या आणि पोस्टमास्तरने साध्या चाकूने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. डॉक्टर बोटीने आणि मोटारीने निघाले. पण ते पोहोचण्याआधीच डार्सी दगावला.

त्याच वर्षी, वैद्यकीचे शिक्षण सोडून युद्धावर निघालेल्या क्लिफर्ड पील या तरुणाने फ्लिन यांना पत्रातून विमानाचा पर्याय सुचवला. पुढच्याच वर्षी पील युद्धात मारला गेला. फ्लिन यांनी मात्र ही कल्पना दहा वर्षे लावून धरली, निधी जमवला. अखेर 17 मे 1928 रोजी क्लोनकरी गावातून पहिले विमान डॉक्टरला घेऊन उडाले. ते होते भाड्याने घेतलेले डी हॅविलंड 50 : लाकडी सांगाडा, वर कापड, एकच इंजिन आणि चार प्रवाशांची जागा. एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्यांमुळे कमी वेगातही ते हवेत तरंगू शके. त्यामुळे झुडपे तोडून साफ केलेली मातीची छोटी पट्टीही त्याला उतरायला पुरे. पहिल्या वर्षी 50 उड्डाणे झाली आणि 225 रुग्णांवर उपचार झाले.

पण वीज नाही, फोन नाही. मग विमान बोलवायचे कसे? फ्लिन यांच्या आग्रहावरून आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला. 1929 पासून तो दूरच्या घरांत पोहोचला. 1942 पासून तेथील औषधपेट्यांतील औषधांना क्रमांक देण्यात आले. डॉक्टर रेडिओवरून क्रमांक सांगत, घरचे लोक ते औषध देत. 1948 मध्ये खास अशा खडबडीत धावपट्ट्यांसाठी तीन इंजिनांचे ‘ड्रोव्हर’ विमान ऑस्ट्रेलियातच तयार झाले. पुढे तेही या सेवेत आले.

1951 मध्ये फ्लिन यांचे निधन झाले. रुग्णाची हाक, जवळचे औषध, वाहन आणि डॉक्टर ही एकच साखळी आहे, हे त्यांनी ओळखले होते. यातली एक कडी तुटली, तरी जीव जातो.