थेंबाचा हिशेब

अंगठीतला हिरवा खडा पाचू आहे की रंगवलेली काच, हे ओळखायचे कसे? हजार वर्षांपूर्वी त्याला एकच उपाय होता, पारख्याची नजर. खडा घासावा तर ओरखडा, तापवावा तर तडा. आणि पारख्याने खोटे सांगितले, तर गिऱ्हाईक बुडाले. अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्बेरुनी यांनी यासाठी साधे पाणी वापरले.

त्यांनी शंकूच्या आकाराचे एक भांडे बनवून घेतले. त्याच्या अरुंद मानेला बाजूने वाकडी नळी होती. नळीच्या तोंडापर्यंत पाणी भरायचे, खडा आत सोडायचा, बाहेर पडलेले पाणी तराजूच्या पारड्यात धरायचे आणि तोलायचे. खड्याचे वजन आणि त्याने सांडवलेल्या पाण्याचे वजन यांचे प्रमाण प्रत्येक पदार्थाचे ठरलेले असते. काच कितीही हिरवी केली, तरी त्या हिशेबात ती पाचू होत नाही.

ऐकायला सोपे वाटते. पण एक ग्रॅमचा पाचू जेमतेम सात-साडेसात थेंब पाणी बाहेर काढतो. त्यातला एक थेंब नळीला चिकटून राहिला, तर सातवा हिस्सा चुकला! म्हणून भांड्याची मान करंगळीएवढीच ठेवली होती. रुंद तोंडाच्या भांड्यात एक थेंब कमी-जास्त झाला तर कळत नाही, अरुंद मानेत पातळी लगेच हलते. वस्तू जितकी लहान, तितकी एका थेंबाची चूक मोठी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. गरम आणि थंड पाण्याच्या, गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या वजनातला फरकही त्यांनी तपासला. धातूंची तुलना सोन्याशी केली, रत्नांची नीलमाशी. 100 मिस्काल सोन्याने सव्वापाच मिस्काल पाणी बाहेर पडते, असे त्यांचे माप आहे. म्हणजे सोने पाण्याच्या 19.05 पट जड. आजचा आकडा 19.3 आहे.

अल्बेरुनींचा जन्म 973 साली ख्वारिझममधल्या काथ शहराजवळ झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात येतो. राजघराण्यातले गणिती अबू नसर मन्सूर हे त्यांचे गुरू. बाविसाव्या वर्षी राज्यात यादवी माजली आणि त्यांना गाव सोडावे लागले. पुढची कित्येक वर्षे या दरबारातून त्या दरबारात गेली. याच भटकंतीत रय येथे, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, त्यांची खुजंदी या खगोलज्ञाशी भेट झाली. सूर्याची उंची मोजण्यासाठी खुजंदींनी सुमारे 20 मीटर त्रिज्येचे प्रचंड यंत्र उभारले होते. यंत्र मोठे तर माप अचूक, असा सगळ्यांचाच समज. पण स्वतःच्या भारानेच यंत्राचे ऊन आत घेणारे छिद्र वीतभर खाली सरकले होते. खुजंदींनी हे मोकळेपणाने सांगितले आणि अल्बेरुनींनी ते लिहून ठेवले. चूक कबूल करणारा आणि ती नोंदवणारा, दोघेही मोठेच म्हणायचे.

1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकले आणि अल्बेरुनींना गझनीला नेले. पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या जैफूर गावी ते अतिशय हलाखीत होते. हाताशी एकही यंत्र नव्हते. त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या पाठीवर अंशांचा कंस आखला, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजली.

गझनीहून मक्केची दिशा, म्हणजे किब्ला, अचूक काढायचा तर शहरांचे अक्षांश-रेखांश अचूक हवेत. या कामावरचा त्यांचा ग्रंथ 1025 मध्ये पूर्ण झाला. पृथ्वी केवढी, हा प्रश्नही त्यातच येतो. नवव्या शतकात खलिफा मामूनने सिंजारच्या सपाट मैदानात दोन तुकड्या पाठवून एका अंशाचे अंतर मोजवले होते. कोणी 56 मैल सांगत, कोणी 56 पूर्णांक दोन तृतीयांश. हा फरक अल्बेरुनींना खुपत होता. मैदान तुडवायला पैसा आणि माणसे नव्हती. मग आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, मिठाच्या डोंगररांगेतील नंदना किल्ल्याजवळ त्यांना हवा तसा डोंगर सापडला. समोर सपाट प्रदेश पसरलेला. डोंगराची उंची 652 हात भरली. माथ्यावरून क्षितिज 34 कला खाली दिसले. एवढ्या दोन मापांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली.

त्यांचे उत्तर 99 टक्के बरोबर होते, असे मोबाईलवर फिरत असते. ते जरा जपूनच घ्यावे. त्यांचा हात नेमका किती सेंटिमीटरचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शिवाय 34 कलांमध्ये एका कलेची चूक झाली, तर त्रिज्या जवळपास सहा टक्क्यांनी बदलते. हवेमुळे प्रकाश वाकतो, ते वेगळेच. अल्बेरुनींचे मोठेपण पुढे आहे. त्यांचे उत्तर मामूनच्या पथकाच्या आकड्याजवळ आले. तेव्हा त्यांनी स्वतःचा आकडा पुढे केला नाही. त्या लोकांची यंत्रे जास्त नाजूक होती, त्यांनी कष्टही जास्त घेतले होते, म्हणून त्यांचेच माप धरावे, असा निर्णय त्यांनी दिला.

ते संस्कृत शिकले, पंडितांपाशी बसले आणि 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली, हेही त्यात लिहायला ते कचरले नाहीत. खरे तर त्यांचे पोट महमूदच्याच दरबारावर होते.

सावल्यांवरच्या त्यांच्या ग्रंथात नमाजच्या वेळांचा सविस्तर विचार आहे. त्यात एक गमतीदार प्रसंग येतो. एका धार्मिक गृहस्थाने वेळ सांगणारे उपकरण नाकारले, कारण त्यावर रूमी महिने कोरलेले होते. अल्बेरुनींनी त्याला सुनावले की रूमी लोक जेवतात आणि बाजारातही फिरतात, तेव्हा त्याने या दोन्ही गोष्टीही सोडून द्याव्यात.

महमूदचा मुलगा मसऊद याला त्यांनी खगोलशास्त्राचा मोठा ग्रंथ अर्पण केला. त्याने हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि अल्बेरुनींनी ती परत केली, असे सांगतात. रत्नांवरचे पुस्तक त्यांनी उतारवयात लिहिले. कोणता खडा कुठून येतो, काय भावाने विकला जातो आणि कशी फसवणूक होते, हे सगळे त्यात आहे.

त्यांच्या शेवटच्या दिवसाची हकिकत जुन्या चरित्रकोशात आहे. एक फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, भेटीला आले तेव्हा अल्बेरुनींचा श्वास लागला होता. तशात त्यांनी आजीच्या वारसाहक्काच्या वाटणीबद्दल पूर्वी अर्धवट राहिलेला एक प्रश्न विचारला. पाहुण्यांना दया आली. या अवस्थेत कशाला, असे त्यांनी म्हणून पाहिले. प्रश्न न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेले बरे, असे अल्बेरुनींचे म्हणणे पडले. मग पाहुण्यांनी उत्तर समजावले, अल्बेरुनींनी ते पुन्हा म्हणून पाठ केले. पाहुणे निरोप घेऊन रस्त्यावर आले, तोच मागून घरातल्या रडण्याचा आवाज त्यांच्या कानी आला.