सरखेल कान्होजी आंग्रे

आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे. कान्होजी आंग्रे हे तेथील मराठी आरमाराचे प्रमुख होते. त्या काळी मोगल बादशहाची फौज अफाट होती, पण तिचे बळ जमिनीवरच होते. समुद्रावर युरोपीय व्यापारी तोफांसह फिरत. कान्होजींनी जहाजांना आपले दस्तक, म्हणजे परवाना, घेण्यास भाग पाडले. इंग्रजांना ते मान्य नव्हते. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला, पण तो फसला. १७२९ साली कान्होजी वारले. पुढे त्यांच्या मुलांत फूट पडली. १७५६ साली पेशव्यांनीच इंग्रजांना साथ दिली आणि विजयदुर्गापाशी आंग्र्यांचे आरमार जळाले. समुद्र मोकळा झाला. १८१८ साली इंग्रजांनी पेशव्यांचेही राज्य घेतले.