विश्लेषण : मुलाच्या ताटातला पाव कुणी बंद केला? सिलिअ‍ॅकचे मूळ शोधणारे डॉ. डिके

सिलिअ‍ॅक आजाराचे निदान झालेल्या किशोरवयीन मुलाला डॉक्टर एकच उपचार सांगतात : गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद. या आजारावर बरे करणारी गोळी नाही, शस्त्रक्रियाही नाही. हा उपचार जगाला दिला तो विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर हे पथ्य इतके काटेकोर का, याचेही उत्तर मिळते.

सिलिअ‍ॅक म्हणजे काय?

गहू, जव, राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे काही जणांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. लहान मुलांत जुलाब होतात, पोट फुगते, वजन वाढत नाही. किशोरवयात मात्र अनेकदा फक्त रक्तक्षय, खुंटलेली उंची किंवा वयात येण्यास झालेला उशीर एवढेच दिसते.

डिके यांच्याआधी उपचार काय होते?

लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी 1887 मध्ये एका व्याख्यानात या आजाराचे नेमके वर्णन केले. रुग्ण बरा होणार असेल तर आहारानेच, हे त्यांनी ओळखले होते. पण कोणता पदार्थ घातक, हे त्यांना सापडले नाही. 1924 मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. त्याने मुले सुधारत, कारण त्यात पाव नव्हता. श्रेय मात्र केळ्याला मिळाले. बरी झालेली मुले पुन्हा पावाकडे वळली, की आतड्याचे नुकसान पुन्हा सुरू होत असे.

डिके कोण होते?

डिके यांचा जन्म 1905 मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्त येथे झाला. लायडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते हेगच्या युलियाना बालरुग्णालयात दाखल झाले आणि 1936 मध्ये, जेमतेम तिशी ओलांडलेली असताना, तिथले प्रमुख झाले. त्याच सुमारास एका तरुण आईने त्यांना सांगितले, की पाव बंद केला की आपल्या मुलाचा त्रास लगेच कमी होतो. हे बोलणे डिके यांनी उडवून लावले नाही. त्यांनी रुग्णालयातील मुलांना गहू वगळून आहार देऊन पाहिला. 1941 मध्ये त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात साधा आहार मांडला : पाव आणि टोस्ट नको, दोन वेळा गरम जेवण आणि एक वेळ गव्हाचे पीठ नसलेली लापशी.

दुष्काळामुळे शोध लागला, हे खरे का?

पूर्णपणे नाही. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन कब्जातील पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न संपले. लोकांनी ट्युलिपचे कंद आणि शुगर बीट खाऊन दिवस काढले. हजारो माणसे दगावली. या काळात पाव मिळेनासा झाला, तशी सिलिअ‍ॅकची मुले सुधारली आणि मदतीचा पाव पोहोचताच पुन्हा आजारी पडली. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. पण डिके यांचा लेख त्याआधीच प्रसिद्ध झाला होता. दुष्काळाने शोध लावला नाही, डिके यांची शंका मात्र पक्की केली.

पुरावा कसा मिळाला?

युद्धानंतर उट्रेख्त येथील व्हान डी कामर यांनी विष्ठेतील चरबी अचूक मोजण्याची पद्धत तयार केली. चरबी जितकी जास्त बाहेर पडते, तितके शोषण कमी. डिके, व्हान डी कामर आणि वेयर्स यांनी मुलांना वेगवेगळी धान्ये देऊन हे मोजले. गहू आणि राय दिल्यावर चरबी वाढली. तांदूळ, मका यांनी नाही. गव्हातला स्टार्चही निर्दोष ठरला, दोषी निघाले ग्लुटेन. डिके यांनी 1950 मध्ये उट्रेख्त विद्यापीठात याच विषयावर प्रबंध सादर केला. 1957 मध्ये ते तिथेच प्राध्यापक झाले आणि 1962 मध्ये, साठीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले.

किशोरवयीन मुलांसाठी याचा अर्थ काय?

लहानपणी ताट आईवडिलांच्या हातात असते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळेचे कॅन्टीन, क्लासबाहेरची वडापावची गाडी आणि मित्रांचे वाढदिवस येतात. एखादा घास खाऊन पोट दुखले नाही, की आजार गेला असे वाटते. या वयात लक्षणे कधी कधी कमी होतातही. पूर्वी डॉक्टरही मुले यातून मोठी होऊन सुटतात, असे मानत. पण त्रास जाणवला नाही तरी आतड्याचे नुकसान सुरूच राहते. हाडे आणि उंची यांची भर पडण्याची वर्षे हीच असतात, म्हणून ही चूक महागात पडते.

घरच्यांनी काय करावे?

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि सर्व डाळी चालतात. उपवासाचे साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा हेही चालतात. रवा, मैदा, शेवया, गव्हाची लापशी चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, बाजारातल्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गिरणीत गव्हानंतर दळलेली ज्वारीही सुरक्षित नाही. पोळपाट-लाटणे वेगळे ठेवावे. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचे, तर भारतातील नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नये. त्याने रक्त तपासणी आणि आतड्याची बायोप्सी फसवी येऊ शकते. निदान झाल्यावर भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्यावी. वेष्टन वाचणे, हॉटेलात विचारणे, मित्रांना समजावणे ही कामे हळूहळू मुलाकडेच सोपवावीत, कारण पुढे वसतिगृहात ताट त्यालाच सांभाळायचे आहे. घरी आठवड्यातून काही दिवस सगळ्यांनीच भाकरी खाल्ली, तर आपले ताट वेगळे आहे, ही मुलाची खंत निम्मी होते.